अकरा महिने

सदाशिव पेठेत, हौदापासून तिसऱ्या बोळात, तळमजला.
एक खोली, स्वयंपाकघर, मागे हातभर अंगण,
अंगणात आधीच्या भाडेकरूची सायकल, चेन नसलेली.
एजंट धुमाळ म्हणाला, मॅडम, अशी शांतता
कोथरूडला दुप्पट मोजून मिळायची नाही.
मी म्हटलं, बघू.

शांतता हा माझा धंदा आहे.
माणसाच्या कानांवर हेडफोन चढवायचे,
काचेपलीकडून बारीक शिट्टी सोडायची,
ऐकू आली की बोट वर करा, म्हणायचं.
न उठलेली बोटं मी आलेखावर मांडते.

याआधी सात घरं पाहिली,
वाघोलीहून दोन बस बदलत, रविवारचे रविवार.
चहा व्हायचा. खिडक्या उघडून दाखवायचे.
मग आडनाव विचारायचे,
आणि न वाजलेला फोन घ्यायला आत जायचे.
पुतण्या येतोय अमेरिकेतून, त्यालाच लागेल जागा.
त्या दोन महिन्यांत
सातांपैकी चार पुतणे अमेरिकेतून पुण्यात आले.

रायरीकरांनीही विचारलं.
मी सांगितलं.
ते थांबले.
असं थांबणं मला ओळखता येतं,
किती डेसिबलचं, तेही सांगता येतं.
मी पर्स खांद्याला लावली.
ते म्हणाले, "काय?"

पुन्हा सांगितलं.
"काय?"
मग मी ओरडले. माझं आडनाव,
शाळेत हजेरीला पुटपुटलेलं,
लग्नात बदललेलं, कोर्टातून परत आणलेलं,
असं की समोरच्या गॅलरीत
चादर झटकणारी बाई झटकायची थांबली.
रायरीकर म्हणाले, "हां. पाणी सकाळी सहा ते साडेसात.
भरून ठेवावं लागतं."

ते पहिलं थांबणं कानाचं होतं की आणखी कशाचं,
हे मला, बारा वर्षांच्या अनुभवानंतर,
सांगता येत नाही.

कानाचं यंत्र आहे त्यांच्याकडे. टेबलाच्या खणात,
रबर बँड आणि लाइट बिलांच्या खाली.
मुलानं पाठवलंय. त्यात भांडी फार वाजतात, म्हणाले.
ते जुळवायला दहा मिनिटं लागतात.
मी बोलले नाही.

भाडं साडेतेरा, अनामत चाळीस.
भिंतीला खिळे ठोकणार नाही.
रात्री दहानंतर आवाज करणार नाही.
धुमाळनं लॅपटॉप उघडला, अंगठ्याचं यंत्र जोडलं.
माझा लगेच उमटला.
रायरीकरांचा उमटेना.
ऐंशी वर्षं वापरलेला अंगठा, सरकारला दिसेना.
"केसांतून फिरवा काका, जरा तेल लागू दे."
त्यांनी टकलावरून फिरवला. तरी नाही.
शेवटी मी तो माझ्या दोन बोटांत धरला
आणि काचेवर दाबला.
त्यांनी काढून घेतला नाही.
तिसऱ्या वेळेला हिरवा दिवा.

जाताना त्यांनी पार्किंग दाखवलं.
दोन स्कूटरांच्या मध्ये एक गोल लोखंडी झाकण.
"खाली जुना नळ आहे, कात्रजहून आलेला,
पेशव्यांच्या वेळचा. हा त्याचा उसासा."
असंच म्हणतात म्हणे, हवेसाठी ठेवलेल्या भोकाला.
"पाणी आहे का अजून?"
"काय?"
"पाणी!"
"कोण बघतंय," म्हणाले, आणि जिना चढू लागले,
प्रत्येक पायरीवर किल्ल्या वाजवत,
ज्या त्यांना ऐकू येत नसाव्यात.

सामान फार नव्हतं. नऊपर्यंत लागलं.
दहानंतर बोळ असा मिटला
की शेजारच्या फ्रिजचं धडधडून थांबणंही कळलं.
चप्पल न घालता बाहेर आले,
दोन स्कूटरांच्या मध्ये उकिडवी बसले
आणि झाकणाला कान लावला.
लोखंड गार होतं.
अडीचशे वर्षं पाणी न्यायला बांधलेलं काहीतरी खाली,
वर मी, अकरा महिन्यांची.

काही होतं की माझंच रक्त,
शिकाऊ मुलींना मी हा फरक रोज शिकवते.
माझं बोट उठलं,
अर्धं.

वर कुणाचा तरी दिवा लागला.
मी आत आले, कडी हळू लावली.
सहाचा गजर लावला. पाण्याचा.